गल्ला वेगळा, तिजोरी वेगळी: मोबाइलवर नव्याने बँक व्यवहार सुरू करणाऱ्यांसाठी

ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या कुठल्याही जुन्या दुकानात बघा. गल्ल्यात दिवसभराच्या उलाढालीपुरते पैसे असतात, बाकीची रक्कम अधूनमधून आत जाते. गल्ल्यावर कोणी डल्ला मारला तर त्या दिवसाची विक्री जाते, दुकान जात नाही. मोबाइलवर बँक उघडणारे बहुतेक जण मात्र नेमकं उलट करतात. पगार, साठवलेले पैसे, मुदत ठेव, सगळं एकाच खात्यात, आणि वडापावचे वीस रुपये द्यायला यूपीआयला जोडलेलंही तेच खातं.

पासवर्ड, ओटीपी, लिंक यांबद्दल पुढे सांगितलंच आहे. पण सुरुवात पैसे कुठे ठेवायचे इथून करा. एरवी सावध असणारा माणूसही गर्दीच्या लोकलमध्ये, एका हाताने दांडा धरून, कधीतरी चुकीच्या जागी बोट लावतो. ती चूक सहा हजारांची असावी की सहा लाखांची, हे आधी ठरवता येतं.

पहिलं काम: दोन खाती

आणखी एक बचत खातं उघडा, शक्यतो दुसऱ्या बँकेत. किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी विचारून घ्या, नाहीतर दंडातच पैसे जातील. यातलं एक गल्ल्याचं खातं. यूपीआय, डेबिट कार्ड, रिक्षा, भाजी, मोबाइल रिचार्ज, सगळं इथून. दुसरं तिजोरीचं. पगार तिथे येतो, ठेवी तिथे असतात, आणि त्याला यूपीआय जोडायचं नाही.

महिन्याचा खर्च २४,००० असेल तर दर सोमवारी ६,००० तिजोरीतून गल्ल्यात टाका. महिन्याचे एकदम टाकले तरी चालतं, पण आठवड्याचा हिशेब दोन कारणांनी बरा. एक, एका वेळी उघड्यावर असलेली रक्कम लहान राहते. दोन, आठवड्यातून एकदा तिजोरीच्या खात्यात डोकावणं आपोआप होतं.

आता बारकावे. यूपीआय ॲप तुमच्या मोबाइल नंबरला जोडलेली खाती शोधून काढतं. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख, किंवा आधारचा ओटीपी, एवढ्यावर नवा यूपीआय पिन तयार होतो. म्हणजे तुमचं सिम आणि कार्ड ज्याच्या हाती, तो तुम्ही न जोडलेलं खातंही जोडू शकतो. म्हणून जमलं तर तिजोरीच्या खात्याला वेगळा नंबर द्या, घरातल्या साध्या बटणांच्या फोनमधला. त्याचा रिचार्ज मात्र विसरू नका. वापर नसलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. तिजोरीचं डेबिट कार्ड पाकिटात ठेवायचं नाही, कपाटात ठेवायचं.

मुदत ठेव म्हणजे पैसे कुलपात, असं अनेकांना वाटतं. शाखेतल्या कागदी पावतीचा काळ होता तेव्हा ते खरं होतं. आता नेटबँकिंगमध्ये शिरलेला माणूस ठेव दोन मिनिटांत मोडू शकतो, तिच्यावर कर्जही काढू शकतो. त्याहून वाईट म्हणजे आधीच मंजूर करून ठेवलेलं वैयक्तिक कर्ज. ॲपमध्ये ‘तुमच्यासाठी ३ लाख तयार’ अशी पट्टी दिसते ना, ती चोरालाही दिसते. कर्ज तुमच्या नावावर निघतं, रक्कम पुढे जाते, हप्ते तुमच्याकडे राहतात. त्यामुळे खात्यात चाळीस हजारच आहेत, नुकसान तिथेच थांबेल, असं समजू नका. शाखेत जाऊन दोन प्रश्न विचारा: ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येते का, आणि हे तयार कर्ज माझ्या खात्यावरून काढून टाकता येतं का? सगळीकडे होकार मिळेलच असं नाही. नकार मिळाला तर मोठी ठेव नेटबँकिंग न घेतलेल्या खात्यावर ठेवा.

दुसरं काम: एका संध्याकाळी बसून मर्यादा घाला

रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशामुळे प्रत्येक कार्डावर देशातले, परदेशातले, ऑनलाइन आणि टॅप करून होणारे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करण्याची सोय बँकेला द्यावी लागते. बँकेच्या ॲपमध्ये ‘कार्ड’ विभागात ‘मर्यादा’ किंवा ‘कार्ड नियंत्रण’ अशा नावाखाली ती सापडते. परदेशी व्यवहार बंद करा. एटीएमची मर्यादा दिवसाला १०,००० पुरते. टॅप करून ५,००० पर्यंत पिन लागत नाही, तेव्हा कार्ड हरवलं तर ते पैसे सहज जातात; ती सोय लागत नसेल तर बंद करा. हे बटण लागेल तेव्हा पुन्हा चालू करता येतं, त्यामुळे कंजूषपणा करायला हरकत नाही.

नेटबँकिंगमध्ये दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवण्याची रोजची मर्यादा बऱ्याचदा लाखांत ठेवलेली असते. ती २५,००० वर आणा. घराची अनामत किंवा फी भरायची असेल त्या दिवशी वाढवा, संध्याकाळी परत खाली आणा.

यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ची यादी उघडा. एकदा मंजुरी दिली की बहुतेक प्रकारच्या वर्गणीत १५,००० पर्यंतची रक्कम दर वेळी पिन न विचारता कापली जाते. २४ तास आधी फक्त सूचना येते. ‘एक रुपयात महिनाभर’ म्हणून घेतलेल्या ॲपची मंजुरी तिथे पडून असते. ओळखीची नसेल ती रद्द करा. यूपीआय लाइटही तपासा. त्यात एका वेळी १,००० आणि एकूण ५,००० पर्यंत बिनापिन जातात. रोज चहा-रिक्षासाठी ते सोयीचं आहे, फक्त तिथे पाच हजार भरून ठेवायची गरज नाही.

बँकेचे एसएमएस आणि ईमेल, दोन्ही इशारे चालू ठेवा. मेसेजचे पैसे कापतात म्हणून बंद करणारे लोक आहेत. पैसे परत मिळवण्याची मुदत याच मेसेजपासून मोजतात, तेव्हा ती बचत करू नका.

तिसरं काम: फोन, सिम आणि ईमेल

कळवा-मुंब्र्याच्या पट्ट्यात दारात उभं राहून फोन बघणाऱ्याच्या हातावर रुळांजवळून काठी मारून फोन पाडणारे ‘फटका गँग’ म्हणून ओळखले जातात. असा फोन चोराच्या हाती पडतो तेव्हा बऱ्याचदा स्क्रीन उघडीच असते. यूपीआय पिन त्याला माहीत नसतो, पण एसएमएस वाचता येतात, आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. म्हणून स्क्रीन लॉकइतकंच सिम लॉकही महत्त्वाचं.

सेटिंग्जमध्ये सुरक्षा किंवा मोबाइल नेटवर्कच्या भागात ‘सिम लॉक’ असतं. चालू करण्याआधी तुमच्या कंपनीचा मूळ सिम पिन कोणता ते ग्राहक सेवेला विचारा, अंदाजाने टाकू नका. तीन वेळा चुकला की सिम अडकतं आणि ते उघडायला कंपनीकडचा पीयूके क्रमांक लागतो. तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी होतं. मूळ पिन टाकून चालू केल्यावर स्वतःचा पिन ठेवा. यानंतर सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की आधी पिन मागेल. पाच मिनिटांचं काम आहे, आणि करणारे फार थोडे.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर लॉक न उघडताच ओटीपी वाचता येतो. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपला वेगळं कुलूप घाला.

ईमेल ही सगळ्या कुलपांची किल्ली आहे, आणि लोक तिलाच सर्वांत सैल ठेवतात. बँक, शेअर, विमा, आयकर, कुठलाही पासवर्ड ‘विसरलो’ म्हटलं की बदलायची लिंक ईमेलवर येते. तिथला पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवायची. पासवर्ड लांब असावा, विचित्र असण्याची गरज नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत, मध्ये एखादा आकडा आणि चिन्ह, हे लक्षात राहतं आणि फोडायला अवघड जातं. मुलांची नावं, गाडीचा नंबर आणि जन्मसाल नको. व्हॉट्सॲपलाही सहा आकडी पिन लावून ठेवा.

आणि पिन फोनमध्ये कधीच लिहायचा नाही. ‘रमेश एटीएम’ नावाने संपर्क तयार करून शेवटच्या चार आकड्यांत पिन दडवायची युक्ती घराघरात आहे. चोरही अशाच घरांत वाढलेले असतात.

सार्वजनिक वायफायची आणि स्टेशनवरच्या चार्जिंगची भीती मात्र आमच्या मते गरजेपेक्षा जास्त पसरली आहे. बँकेच्या ॲपमधून जाणारी माहिती सांकेतिक रूपात जाते. खरा धोका फोनच्या पलीकडे गोड बोलणाऱ्या माणसाचा आहे.

बोलणारा कोण हे ओळखण्याच्या खुणा

बँकेचं संकेतस्थळ पत्त्याच्या शेवटावरून ओळखा. रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत जायला सांगितलं होतं. हा पत्ता नोंदणीकृत बँकेलाच मिळतो. बँकेचं नाव पत्त्यात कुठेतरी असणं पुरेसं नाही, शेवट बघायचा.

एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. दहा आकडी साध्या नंबरवरून ‘तुमचं खातं बंद होत आहे’ असा मेसेज आला तर तो बँकेचा नाही. कॉलसाठी बँकांना १६०० ने सुरू होणारी मालिका आणि जाहिरातीच्या कॉलना १४० ची मालिका नेमून दिली आहे. तरीही १६०० दिसलं म्हणून ओटीपी सांगायचा नसतो. शंका आली की फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः लावा. ग्राहक सेवेचा नंबर गुगलवर शोधू नका. वरती दिसणारा नंबर कोणीही टाकलेला असू शकतो.

आपल्या भागात चालणारे प्रकार बघितले तर बहुतेकांत एकच हत्यार आहे: एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. निमित्तं तेवढी बदलतात.

‘मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा.’ महावितरण असे मेसेज कोणाच्या वैयक्तिक मोबाइलवरून पाठवत नाही. बिलाची शंका असेल तर महावितरणच्या १९१२ वर विचारा. कळवा, मुंब्रा, दिवा भागात वीज टोरंटकडून येते, तेव्हा तिथल्या माणसाला महावितरणच्या नावाने धमकी आली तर ती तिथेच उघडी पडते. दुसरं निमित्त पाइप गॅसचं: महानगर गॅसचं बिल ‘अपडेट’ करायला फाइल उघडा. तिसरं वाहतुकीच्या दंडाचं, ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल. खरं चलान तुम्ही स्वतः महाट्रॅफिक ई-चलान किंवा परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघू शकता. ते कधीही एपीके म्हणून येत नाही. लग्नसराईत हीच फाइल पत्रिका बनून येते, बहुधा ओळखीच्याच माणसाच्या व्हॉट्सॲपवरून, कारण त्याचा फोन आधीच हातातून गेलेला असतो.

ही फाइल करते काय, ते समजलं की भीती नेमकी होते. ती एक ॲप आहे. बसवताना ‘अनोळखी ठिकाणाहून ॲप घ्यायला परवानगी’ विचारली जाते, मग एसएमएस वाचण्याची, कधी ‘ॲक्सेसिबिलिटी’ची. एसएमएसची परवानगी दिली की तुमचे ओटीपी तुम्ही वाचण्याआधी दुसरीकडे पोचतात. ॲक्सेसिबिलिटी दिली की स्क्रीनवर काय दिसतं, काय टाइप होतं, हेही कळतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबता येतात. अनेकदा चिन्ह यादीतून गायब होतं, त्यामुळे ‘ॲप उघडलं नाही, म्हणजे बसलंच नाही’ असं वाटतं. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर ही दूरवरून फोन किंवा संगणक हाताळण्याची मूळ चांगली साधनं आहेत, पण फोनवरच्या अनोळखी माणसाने ती बसवायला सांगितली की काम तेच होतं.

फाइल उघडली गेलीच, तर क्रम असा ठेवा. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय बंद करा, म्हणजे बाहेर जाणारा रस्ता तुटतो. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्डं थांबवा. सिम काढून साध्या फोनमध्ये घाला आणि ##००२# डायल करा. कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ते रद्द होतात. ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. त्यानंतर फोन फॅक्टरी रीसेट. फक्त फोटो आणि संपर्क परत घ्या, ॲप बॅकअपमधून नको, नव्याने प्ले स्टोअरवरून घ्या. पैसे गेले असतील तर मात्र रीसेट करण्याआधी पोलिसांना विचारा, कारण पुरावा त्या फोनमध्येच असतो.

कुरिअरवाला म्हणून फोन करून ‘*४०१* आणि पुढे हा नंबर दाबा’ असं सांगणारा तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घेत असतो. *#२१# दाबून सध्या कॉल वळवले आहेत का ते दिसतं.

यूपीआयचा नियम एका ओळीत मावतो: पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. जुना सोफा विकताना समोरचा ‘पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणाला की व्यवहार तिथेच संपवा. दोन व्यक्तींमध्ये पैसे मागण्याची विनंती पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे या युक्तीचा एक रस्ता बुजला आहे. क्यूआर आणि व्यापाऱ्याच्या नावाने येणारी विनंती हे रस्ते अजून आहेत.

घणसोली, खारघर किंवा घोडबंदर रोडला भाड्याने घर शोधणाऱ्या नव्या माणसाने एवढं जास्तीचं करावं. फोटोवर भुलून टोकन पाठवायचं नाही. ‘मी लष्करात आहे, बाहेरगावी पोस्टिंग आहे, चावी वॉचमनकडे’ हा पाठ ठरलेला आहे. घर आतून बघा, सोसायटीच्या कार्यालयात मालकाचं नाव विचारा, मालमत्ता कराचं बिल किंवा इंडेक्स टू (घराच्या नोंदणीकृत दस्ताचा उतारा) मागा. मग पैसे पाठवताना ॲपवर जे नाव येतं ते त्याच्याशी जुळतं का बघा. २०२५ च्या मध्यापासून यूपीआयमध्ये समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, ॲपवर त्याने घेतलेलं टोपणनाव नाही. नाव वेगळं निघालं आणि ‘ते माझ्या मेहुण्याचं खातं आहे’ असं उत्तर आलं, तर पाठवू नका. सिडको आणि म्हाडाच्या सोडतीत दोन्ही संस्था दलाल नेमत नाहीत. ‘आतून घर काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या यूपीआयवर गेलेले पैसे सोडतीत कुठेच मोजले जात नाहीत.

शेअरच्या गटांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथली रक्कम मोठी असते. व्हॉट्सॲपवर गटात घेतात, दोन आठवडे मोफत टिपा देतात, मग त्यांचं ‘खास’ ॲप. त्यात नफा वाढताना दिसतो, सुरुवातीला पाच-दहा हजार काढूनही देतात. मोठी रक्कम गेल्यावर काढायला ‘कर’ किंवा ‘शुल्क’ मागतात. ॲपवरचे आकडे म्हणजे चित्र असतं. तपास सोपा आहे: खऱ्या ब्रोकरकडे घेतलेला शेअर तुमच्या डिमॅट खात्यात, म्हणजे शेअरची नोंद ठेवणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थेच्या विवरणात, दिसतोच. दिसला नाही तर तो घेतलेलाच नाही. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने नोंदणीकृत संस्थांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ‘ॲट व्हॅलिड’ असलेला यूपीआय पत्ता आणला. ब्रोकरच्या पत्त्यात ‘बीआरके’ आणि म्युच्युअल फंडाच्या पत्त्यात ‘एमएफ’ असतं. गुंतवणुकीचे पैसे एखाद्या ‘ट्रेडर्स’ किंवा ‘एंटरप्रायझेस’च्या चालू खात्यात मागितले की थांबा.

पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवतात, त्या ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही कारवाई भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश, न्यायालय, कोर्टाचा आदेश काहीही दिसू दे, कॉल बंद करा. तुमच्या घरात एकटे ज्येष्ठ नागरिक असतील तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा; कॉलवरचे लोक पहिली अट घालतात ती ‘कोणाला सांगायचं नाही’ हीच.

कॉलेजच्या मुलांसाठी एक वेगळा इशारा. ‘खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असं कोणी म्हणालं तर त्या खात्यातून इतरांचे लुटलेले पैसे फिरणार असतात. नाव तुमचं, केवायसी तुमची, चौकशीही तुमचीच.

पैसे गेले तर

पहिला तास सर्वांत मोलाचा. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच-सहांत फुटतात आणि शेवटी एटीएममधून बाहेर पडतात. ते ज्या खात्यात उरलेले असतील तिथेच रोखता येतात. म्हणून रडत बसण्याआधी, आणि सोसायटीच्या गटावर टाकण्याआधी, हे करा:

१. १९३० वर फोन. गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा हा नंबर बँकांशी जोडलेला आहे. हाताशी ठेवा: खाते क्रमांक, किती वाजता, किती रक्कम, समोरचा यूपीआय पत्ता आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक. तो ॲपमध्ये व्यवहार उघडल्यावर दिसतो. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर थेट तक्रार भरा.

२. बँकेला फोन. खातं, कार्ड, यूपीआय थांबवायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ईमेलही करा, वेळेचा पुरावा राहतो.

३. १९३० कडून मेसेजवर पोचपावती क्रमांक येतो. त्याच दिवशी संकेतस्थळावर स्क्रीनशॉट आणि खात्याचा उतारा जोडून तक्रार पूर्ण करा.

४. पोलीस ठाणं. ऐरोली, घणसोली ठाणे जिल्ह्यात असले तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण ठाणे आयुक्तालयात. दोन्ही आयुक्तालयांची स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत. हद्दीवरून परत पाठवू लागले तर ‘शून्य क्रमांकाचा एफआयआर’ म्हणा, म्हणजे हद्द कोणाचीही असली तरी नोंदवायचा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १७३ मध्ये आहे.

नुकसान कोणाचं, हे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं. बँकेची चूक असेल तर तुमची जबाबदारी शून्य. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कुठल्या यंत्रणेत गळती झाली, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य. मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त १०,००० तुमच्या अंगावर, किमान शिल्लक न लागणाऱ्या मूलभूत बचत खात्यासाठी ५,०००. त्यानंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. कळवल्यावर दहा कामाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, हे बँकेवर बंधन आहे.

ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणून लाज वाटली तरी लपवू नका. दर पाच मिनिटांनी आणखी एक व्यवहार होत असतो, आणि तो कोणाच्या खाती पडणार हे तुमच्या फोनवर ठरतं.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही. त्यासाठी ‘एजंट’ लागत नाही, आणि ‘गेलेले पैसे सोडवून देतो, आधी दहा टक्के द्या’ म्हणणारा माणूस त्याच टोळीची दुसरी फेरी असतो.

फोनच चोरीला गेला असेल तर क्रम बदलतो. आधी मोबाइल कंपनीला सांगून सिम बंद, मग बँक, मग पोलिसांत तक्रार. रेल्वेत गेला असेल तर लोहमार्ग पोलीस. त्याच नंबरचं नवं सिम घेतल्यावर तक्रारीची प्रत जोडून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, बंद करा. हा क्रमांक फोनच्या खोक्यावर असतो, म्हणून खोकं फेकू नका.

तीन महिन्यांतून एकदा

खात्याचा उतारा वाचा, शंभर रुपयांच्या आतल्या कपातीही. चोर अनेकदा आधी एक-दोन रुपयांनी चाचपणी करतो. संचार साथीवर तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. जे नंबर तुमचे नाहीत ते तिथूनच नाकारा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल मोफत देतात. दर तीन महिन्यांनी एकीकडून घ्या, म्हणजे वर्षभर नजर राहते. न घेतलेलं कर्ज तिथे पहिल्यांदा दिसतं.

शेवटी आधार. आधार क्रमांक आणि अंगठा, एवढ्यावर खात्यातून रोख काढायची सोय आहे, तिथे ओटीपी नाही की पिन नाही. भाडेकराराच्या दस्तात आधार आणि अंगठा दोन्ही दिलेले असतात. दलालाला किंवा सोसायटीला प्रत द्यायची असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतं. आणि आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक कुलूप लावून टाका. घरात कोणी अंगठा लावून रेशन घेत असेल तर कुलूप असताना दुकानातलं यंत्र अंगठा नाकारतं. रांगेत नंबर जवळ आला की ॲपमधून तात्पुरतं उघडायचं. थोड्या वेळाने ते आपोआप परत बंद होतं.